हिरडा, हळद, आवळा : आरोग्य आणि विवेक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आंबवडे येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीनिमित्त विश्वस्तांनी मला आरोग्यविषयक चार शब्द सांगण्याची आज्ञा केली, आणि विषय सुचविला तो ‘खाण्यायोग्य औषधी वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट द्रव्ये’. विषयाचे नाव जड आहे. परंतु ज्या वनस्पतींविषयी बोलावयाचे त्या आपल्या अगदी परिचयाच्या आहेत. आपण बसलो आहोत ते आंबवडे नागेश्वराच्या मंदिरामुळे आणि रायरेश्वराच्या सान्निध्यामुळे ओळखले जाते. येथून पश्चिमेला नीरा नदीच्या वरच्या खोऱ्याला पूर्वापार ‘हिरडस मावळ’ म्हणतात. बारा मावळांपैकी या एका मावळाच्या नावातच हिरडा ऐकू येतो. ज्या मुलखात आपण राहतो तेथील एका झाडापासून आजच्या विषयाला आरंभ करावा, हे मला उचित वाटते.

ऑक्सिडीकरण म्हणजे काय?

प्राणवायूवाचून आपण क्षणभर जगू शकत नाही. परंतु हाच प्राणवायू पदार्थांची झीजही घडवितो. उघड्यावर पडलेले लोखंड गंजते. चिरलेले सफरचंद थोड्याच वेळात तपकिरी होते. त्यावर लिंबाचा रस चोळला तर ते बराच काळ पांढरे राहते. डब्यातील तेल किंवा फरसाण जुने झाले की खवट होते, आणि आपल्या घरातील वडीलधारी मंडळी ते ‘चलित रस’ झाले म्हणून बाजूला काढतात. या सर्व घटनांच्या मुळाशी एकच क्रिया आहे. तिला रसायनशास्त्रात ऑक्सिडीकरण म्हणतात.

आपल्या शरीरातही अन्नापासून ऊर्जा तयार होत असताना काही अस्थिर कण निर्माण होतात. त्यांना ‘मुक्त मूलके’ असे नाव आहे. हे कण स्थिर होण्यासाठी शेजारच्या कणांतील इलेक्ट्रॉन ओढून घेतात, आणि त्यामुळे पेशींची आवरणे, प्रथिने व आनुवंशिक द्रव्य यांना इजा पोहोचू शकते. वार्धक्याचे कारण ही साठत जाणारी इजा असावी, असा सिद्धांत डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडला. ही क्रिया रोखणारी किंवा मंद करणारी जी द्रव्ये, ती अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये होत. क आणि ई ही जीवनसत्त्वे, गाजर-पपईला केशरी रंग देणारे कॅरोटीन, आणि वनस्पतींच्या तुरट, कडू व गडद रंगाच्या भागांत असणारी पॉलिफेनॉल नावाची द्रव्ये ही त्यांची प्रमुख कुळे आहेत.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, शरीर या बाबतीत सर्वस्वी बाहेरच्या मदतीवर अवलंबून नाही. मुक्त मूलकांचा बंदोबस्त करणारी विकरे शरीर स्वतःच तयार करते. त्यांपैकी ‘सुपरऑक्साइड डिस्म्युटेज’ या विकराचे कार्य १९६९ मध्ये उलगडले. दुसरी अशी की, मुक्त मूलके ही केवळ शत्रू नाहीत. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंचा नाश करण्यासाठी त्यांचाच उपयोग करतात. म्हणून शरीराला हवा असतो तो समतोल. मुक्त मूलकांचा समूळ नाश हे काही आरोग्याचे लक्षण नव्हे.

डोंगरातील आणि स्वयंपाकघरातील वनस्पती

हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होते, हे आपण सर्व जाणता. हिरड्याची तुरट चव त्यातील टॅनिन द्रव्यांमुळे येते. चेब्युलॅजिक आम्ल, चेब्युलिनिक आम्ल, गॅलिक आम्ल आणि एलाजिक आम्ल ही त्यातील मुख्य द्रव्ये. प्रयोगशाळेत ही द्रव्ये प्रबळ ऑक्सिडीकरणरोधक ठरतात. याच टॅनिनसाठी कातडी कमावण्याच्या आणि रंगाच्या उद्योगात हिरड्याला मोठी मागणी असे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांचे बाळहिरडा हे आजही महत्त्वाचे उत्पन्न आहे.

आवळ्याची ख्याती क जीवनसत्त्वासाठी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले होते. २०१७ च्या नव्या कोष्टकात तोच आकडा सुमारे २५० आहे. जात, ऋतू आणि मोजण्याची पद्धत यांनुसार असा फरक पडतो. लहान आकडा खरा धरला तरी काही बिघडत नाही. याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० व स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, आणि तेवढे एका मध्यम आवळ्यातून मिळून जाते. दहा आवळ्यांचा रस पिण्याचे प्रयोजन नाही.

उन्हाळ्याच्या अखेरीस आपल्या डोंगरात करवंदे आणि जांभळे पिकतात. त्यांचा गडद रंग अँथोसायनिन या द्रव्यांमुळे येतो. वरंध घाट उतरून कोकणात गेले की रातांबा भेटतो. त्याच्या सालीचे कोकम आमटीला तांबूस रंग देते तोही अँथोसायनिनचाच, आणि त्याच सालीत गार्सिनॉल नावाचे आणखी एक ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य आहे.

हळदीविषयी तर किती सांगावे! हळदीच्या गड्ड्यात साधारण ३ टक्के कुर्कुमिन असते. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे सादर करून त्याला आव्हान दिले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्या आजीच्या हातची हळद ही कोणा एकाची मालमत्ता नाही, हे त्या लढ्याने सिद्ध केले. परंतु हळदीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कुर्कुमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे शोषले जाते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, मिऱ्यातील पायपरीन सोबत दिल्यास हे शोषण माणसात वीसपटीने वाढते. फोडणीत हळद, मिरे आणि तूप एकत्र येतात ही सोय आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे.

ओली हळद आणि आले ही कंदमुळे म्हणून आपल्याकडे वर्ज्य आहेत. वाळलेली हळद आणि सुंठ मात्र बहुतेक घरांत चालतात. आले वाळून सुंठ होताना त्यातील जिंजेरॉलचा काही भाग शोगाओल या द्रव्यात बदलतो आणि तेही ऑक्सिडीकरणरोधक आहे. आल्याचा त्याग करणाऱ्या घराचे सुंठेमुळे या बाबतीत फारसे काही अडत नाही.

आकड्यांचा मोह

गेली काही वर्षे बाजारात ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाला मंत्राचे मोल आले आहे. रस, चूर्णे, गोळ्या, पुड्या, सर्वांवर तो छापलेला दिसतो. अमुक फळात तमुकपेक्षा दहापट अँटिऑक्सिडंट, असे सांगितले जाते. हे आकडे बहुधा परीक्षानळीतील असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा क्षमतेचे मोठे कोष्टक प्रसिद्ध केले होते. परीक्षानळीतील आकड्यांवरून शरीरातील परिणाम सांगता येत नाही आणि विक्रेते त्याचा गैरवापर करतात, या कारणास्तव त्याच खात्याने २०१२ मध्ये ते मागे घेतले.

एका वनस्पतीचा परिणाम दोन व्यक्तींत वेगळा का, याचेही उत्तर आता काही अंशी मिळाले आहे. हिरडा-आवळ्यातील एलाजिक आम्ल जसेच्या तसे फारसे शोषले जात नाही. आतड्यातील जिवाणू त्याचे युरोलिथिन या द्रव्यांत रूपांतर करतात आणि मग ते रक्तात जाते. हे रूपांतर करणारे जिवाणू प्रत्येकाच्या आतड्यात सारखे नसतात.

आणि जास्त घेतले तर जास्त लाभ, हा समज तर घातक ठरला आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. फळे-भाज्या अधिक खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून त्यांतील बीटा-कॅरोटीन गोळीतून रोज २० मिलिग्रॅम दिले गेले. १९९४ मध्ये निष्कर्ष आला तो उलटा होता. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील दुसऱ्या चाचणीत, २०११ च्या निष्कर्षानुसार, ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने पुरुषांतील प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला. हळदीच्या बाबतीतही अलीकडे इटली व अमेरिकेतून, कुर्कुमिनच्या तीव्र गोळ्या घेतल्याने यकृताला सूज आल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. आमटीतील चिमूटभर हळदीने असे होत नाही. शोषण वाढविलेल्या, सांद्र केलेल्या गोळीची गोष्ट निराळी असते.

फळात एकच द्रव्य नसते. तंतू, क्षार, आम्ले आणि शेकडो पॉलिफेनॉल त्यात एकत्र असतात आणि मात्रा निसर्गतः मर्यादित असते. त्यातील एक द्रव्य वेगळे काढून शंभरपट दिले की ते अन्न उरत नाही. ते औषध होते, आणि औषधाला मात्रा व देखरेख लागते.

घेताना पाळावयाची पथ्ये

आता रोजच्या व्यवहारातील काही सूचना करतो.

पहिली सूचना मधुमेही बंधू-भगिनींना. जांभळाच्या बियांचे चूर्ण अनेक जण घेतात. वैद्यांच्या सल्ल्याने अवश्य घ्यावे. परंतु त्याच्या भरवशावर चालू गोळी किंवा इन्सुलिन स्वतःहून कधीही बंद करू नये. चूर्ण चालू केल्यास डॉक्टरांना सांगावे, कारण दोहोंच्या एकत्रित परिणामाने साखर फार खालीही जाऊ शकते. रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्यांनी हळदीच्या गोळ्यांबाबत हीच दक्षता घ्यावी. मोरावळा खाताना त्यातील साखर आवळ्याच्या नावाखाली विसरली जाते. मधुमेह्याने त्याऐवजी आवळकाठी तोंडात धरावी.

दुसरी सूचना तपस्वी मंडळींसाठी. पाणी प्रासुक करण्यासाठी त्रिफळा किंवा हिरडा वापरण्याची प्रथा आपल्याकडे आहे. पाण्यात पडणारी ती चिमूट वेगळी आणि चमचाभर चूर्ण वेगळे. भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथात हिरडा कोणी घेऊ नये हे स्पष्ट सांगितले आहे. प्रवासाने थकलेला, अशक्त, कृश, उपवासाने क्षीण झालेला, पित्त वाढलेला, तसेच गर्भवती स्त्री, यांना तो निषिद्ध आहे. अठ्ठाई किंवा मासखमणाच्या पारण्यानंतर पोट साफ व्हावे म्हणून लगेच हिरड्याचे चूर्ण देणाऱ्यांनी हा निषेध ध्यानी घ्यावा आणि वैद्यांना विचारल्याशिवाय काही करू नये.

तिसरी सूचना भगिनींसाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. आपले लोह येते ते डाळी, धान्ये आणि भाज्यांतून, व ते मुळात कमी शोषले जाते. जेवणाबरोबर आवळा किंवा लिंबू घेतल्यास क जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढते. उलट चहातील आणि हिरड्यातील टॅनिन लोहाला धरून ठेवते. म्हणून जेवणाला लागून चहा घेऊ नये. तासाभराचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नये. अँटिऑक्सिडंट म्हणून ज्याची स्तुती होते तेच द्रव्य चुकीच्या वेळी घेतल्यास हानी करते, याचे हे घरगुती उदाहरण.

चौथी सूचना वेष्टनाविषयी. ई जीवनसत्त्वासारख्या द्रव्यांच्या मऊ गोळ्यांचे कवच बहुधा जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन प्राण्यांची हाडे व कातडे यांपासून बनते. च्यवनप्राशाच्या पारंपरिक पाठात मध आहे आणि दशमुळांसह अनेक मुळेही आहेत. आपल्या देशाच्या नियमांत मध मांसाहारी गणला जात नाही, त्यामुळे हिरवा ठिपका पाहून समाधान मानता येत नाही. घटकांची यादी वाचावी. आरोग्य कमावण्याच्या भरात ज्याचा आपण आयुष्यभर त्याग केला तेच नकळत पोटात जाऊ नये. वैद्यांनी मधातून चूर्ण सांगितले असेल तर आपला नियम त्यांना सांगावा. तूप, गूळ किंवा कोमट पाणी असे दुसरे अनुपान ते सुचवू शकतात.

व्रत आणि विज्ञान

आपल्या आहारनियमांना विज्ञानाचा दाखला जोडण्याची अलीकडे रीत पडली आहे. आपल्या पूर्वाचार्यांना अँटिऑक्सिडंट ठाऊक होते, असे उत्साहाने सांगितले जाते. मला हे विधान योग्य वाटत नाही. आपल्या आहारनियमांचा पाया अहिंसा आणि संयम हा आहे. पोषणाच्या गणितावर ते उभारलेले नाहीत.

उंबराचेच पाहा. प्रयोगशाळेत उंबराच्या फळातही ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये भरपूर आढळतात. तरीही पंच उदुंबरांत त्याचा समावेश असल्याने आपण ते खात नाही, कारण त्याच्या पोटात असंख्य जीव असतात. आज उंबर पौष्टिक म्हणून खावे आणि उद्या निष्कर्ष बदलला म्हणून सोडावे, असे आपले व्रत नाही. जे व्रत विज्ञानाच्या आधाराने उभे केले ते विज्ञानाच्या पुढच्या निष्कर्षाने कोसळेल. विज्ञानाला त्याचे क्षेत्र द्यावे, व्रताला त्याचे द्यावे. आणि आपल्या त्यागाने आरोग्याची हानी होते असेही कोणी समजू नये. कंदमुळे सोडली, पर्वतिथीला हिरवी भाजी सोडली, चातुर्मासात पालेभाजी सोडली, तरी डाळी, धान्ये, फळे, वाळलेली हळद, सुंठ, कोकम आणि आवळकाठी आपल्यापाशी उरतात. हा साठा थोडका नाही. परंपरा आणि घराणे यांनुसार नियमांत भेद आहेत. शंका असेल तेथे आपल्या गुरुमहाराजांना विचारावे.

दोन नियम मात्र आजच्या बाजाराला उत्तर म्हणून मला फार मोलाचे वाटतात. पहिला ऊनोदरीचा, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाण्याचा. गोळ्या-रसांच्या अतिरेकापुढे हा विवेक उभा करता येतो. दुसरा अजाण फळाचा. जे फळ ओळखीचे नाही, ज्याचा गुण ठाऊक नाही, ते खाऊ नये. ज्या पुडीत काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही, ती पुडी आजच्या काळातले अजाण फळच होय.

झाडाचा विचार

शेवटी ज्या झाडांच्या जिवावर हे सर्व चालते त्यांच्याविषयी. षट्लेश्यांचा दृष्टांत आपण पाठशाळेत ऐकला आहे. भुकेले सहा प्रवासी जांभळाच्या झाडाखाली आले. एकाने झाड मुळापासून उपटावे म्हटले, दुसऱ्याने मोठ्या फांद्या तोडाव्यात म्हटले, तिसऱ्याने लहान डहाळ्या, चौथ्याने घोस, पाचव्याने फक्त पिकलेली फळे. सहावा म्हणाला, खाली पडलेल्या जांभळांनीच आपले पोट भरेल. कृष्णलेश्येपासून शुक्ललेश्येपर्यंतची ही पायरी औषधी वनस्पतींच्या व्यापारालाही तंतोतंत लागू पडते. मुळासाठी किंवा सालीसाठी जेव्हा झाड ओरबाडले जाते तेव्हा ते झाड संपते. हिरडा, बेहडा, आवळा, जांभूळ यांचे औषध मुख्यतः फळात किंवा बियांत आहे; झाड उभे ठेवून ते घेता येते.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे किराणा, भुसार आणि औषधी मालाच्या व्यापारात आहेत. हिरडा गोळा करणारी आदिवासी भगिनी दिवसभर डोंगर चढते-उतरते. तिच्या वजनमापात खोट न होणे आणि तिला वाजवी भाव मिळणे हाही आपल्या अहिंसेचाच आणि अचौर्याचा भाग आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगाव भागातील हिरड्याचे मोठे नुकसान केले, तेव्हा या एका फळावर किती घरांची चूल अवलंबून आहे ते सर्वांना कळले.

म्हणून विश्वस्तांपुढे एक नम्र सूचना ठेवतो. सुवर्णमहोत्सवाची स्मृती म्हणून हिरडा, बेहडा, आवळा आणि जांभूळ यांची पन्नास रोपे या परिसरात, जागेच्या मालकांच्या व ग्रामपंचायतीच्या संमतीने लावावीत, आणि पहिली तीन वर्षे त्यांच्या पाण्याची व कुंपणाची जबाबदारी एकेका कुटुंबाने घ्यावी. पाठशाळेतील मुलांना ती झाडे पानावरून, सालीवरून ओळखता यावीत. हिरडा पाहिलाच नाही असे एकही मूल हिरडस मावळच्या शेजारी असू नये. संस्था हीरकमहोत्सव साजरा करील तेव्हा त्या झाडांखाली पडलेला हिरडा वेचून आणता येईल.